आपली ती परीक्षा, दुसऱ्याची ती शिक्षा : एका प्रवचन-ॲपचे परीक्षण

संकटात सापडलेल्या माणसाला सर्व धर्मांच्या परंपरांतून आधार देण्याचे आश्वासन देणारे एक ॲप मी काही महिने वर्गणी भरून वापरले. त्यात रोजचे ध्वनिमुद्रित प्रवचन, ग्रंथकथांच्या मालिका आणि ‘मार्गदर्शकांना विचारा’ असा लेखी प्रश्नोत्तरांचा विभाग आहे. तांत्रिक बाजूबद्दल फारशी तक्रार नाही. ध्वनिमुद्रण स्वच्छ आहे, निवेदकांचे उच्चार उत्तम आहेत आणि प्रवचन उतरवून घेतल्यास इंटरनेटशिवायही ऐकता येते. जाहिराती मध्ये येत नाहीत, ही आजच्या काळात मोठीच सोय म्हटली पाहिजे. माझी तक्रार या सेवेच्या मूळ मालाबद्दल, म्हणजे संकटाचा अर्थ लावून देण्याबद्दल आहे.

प्रश्नोत्तरांचा विभाग हा वर्गणीचा मुख्य लाभ म्हणून सांगितला जात असल्यामुळे मी त्याची मुद्दाम पारख केली. रात्री वायरिंगमध्ये शॉर्टसर्किट होऊन दुकान जळाले, माल गेला, विमा नव्हता, असा एक कल्पित प्रसंग मी ‘माझ्यावर आलेले संकट’ म्हणून लिहून पाठवला. उत्तर मायाळू होते. देव आपल्या माणसांचीच परीक्षा घेतो, सोने तापवल्याशिवाय उजळत नाही, धीर सोडू नये, असे त्यात लिहिले होते. काही दिवसांनी तोच प्रसंग, तेच तपशील ठेवून, पण दुकान ‘ओळखीच्या एका गृहस्थांचे’ आहे असे सांगून पाठवला. या वेळी उत्तर आले की अशा घटना विनाकारण घडत नाहीत, त्या गृहस्थांनी आपला व्यवहार तपासून पाहावा आणि कोणाचे तळतळाट तर घेतले नाहीत ना, याचा विचार करावा. दोन उत्तरे दोन वेगळ्या मार्गदर्शकांनी दिली असतील या शंकेला जागा राहू नये म्हणून नंतर पुराचा आणि आजारपणाचा प्रसंग घेऊन हाच प्रयोग केला. वळण तेच राहिले. वर्गणीदाराचे दुःख ही परीक्षा आणि तिऱ्हाइताचे दुःख ही शिक्षा, असा अलिखित नियम असल्याशिवाय इतकी सुसंगती येत नाही.

बायबलमधल्या ईयोबाच्या ग्रंथावरची ‘ईयोबाचे दुःख’ ही मालिका मी मोठ्या अपेक्षेने ऐकली, कारण या प्रश्नाला इतक्या थेटपणे भिडणारी कथा धार्मिक वाङ्मयात क्वचितच सापडते. ईयोब निर्दोष आहे हे वाचकाला पहिल्याच अध्यायात कळलेले असते. त्याची गुरेढोरे, मुले आणि आरोग्य हिरावले गेल्यावर अलीफज, बिल्दद आणि सोफर हे मित्र सांत्वनाला येतात, सात दिवस त्याच्याजवळ गप्प बसतात आणि मग तोंड उघडून, तुझ्या हातून काहीतरी पाप घडलेच असले पाहिजे, असे त्याला निरनिराळ्या प्रकारे पटवू लागतात. मालिकेत या मित्रांची भाषणे भारदस्त संगीतासह आणि जणू तेच ग्रंथाचे सांगणे आहे अशा थाटात वाचली जातात. बेचाळिसाव्या अध्यायात देव अलीफजला सांगतो की तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत, म्हणून माझा कोप तुमच्यावर भडकला आहे. आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करण्याचे काम ज्याला ते पापी ठरवत होते त्या ईयोबावरच सोपवतो. मालिकेत हा भागच नाही. शेवटच्या भागात ईयोबाला मेंढरे, उंट आणि मुले पुन्हा मिळाली एवढे आनंदाने सांगितले आहे. हा निष्काळजीपणा मानायला मी तयार नाही, कारण ते एक वचन ठेवले असते तर ॲपचे निम्मे प्रवचन-भांडार त्याच्या विरोधात गेले असते.

‘इतिहासातील दैवी संकेत’ या मालिकेतही अशीच निवड दिसते. पोर्तुगालची राजधानी लिस्बन इथला 1755 सालचा भूकंप हा त्या शहराच्या ऐषारामाचा परिणाम होता, असे त्यात ठासून सांगितले आहे. मात्र तो 1 नोव्हेंबर रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी झाला, प्रार्थनेसाठी भरलेली चर्चे भाविकांच्या अंगावर कोसळली आणि त्यानंतरच्या आगी भडकण्यात सणासाठी लावलेल्या मेणबत्त्यांचाही हात होता, हे निवेदक गाळतो. कॅथलिक देशाने धर्मन्यायालये चालवल्याची ही शिक्षा आहे, असे प्रॉटेस्टंटांपैकी अनेकांना वाटले, तर येशूसंघाचे धर्मगुरू मालाग्रिदा यांनी 1756 मध्ये पुस्तिका काढून शहरवासीयांच्या पापांना दोष दिला. भूकंप एकच होता आणि ज्याला त्याला त्यात आपल्या प्रतिपक्षाचा अपराध सापडला, ही या घटनेतली खरी शिकण्यासारखी गोष्ट. त्याच वर्षी 18 नोव्हेंबरला बॉस्टनच्या परिसरात धक्के बसले, तेव्हा तिथले धर्मोपदेशक थॉमस प्रिन्स यांनी बेंजामिन फ्रँकलिन यांच्या वीजवाहक सळ्यांनी आकाशातली वीज जमिनीत ओढली जाऊन भूकंप होत असावेत, अशी शंका छापली होती. पुढे चर्चच्या मनोऱ्यांवर त्याच सळ्या बसल्या.

मालिकेतला एकच भाग मनापासून आवडला, तो 1934 सालच्या बिहार भूकंपावरचा. 15 जानेवारीच्या त्या उत्पातानंतर गांधीजींनी ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे असे म्हटले आणि रवींद्रनाथ टागोरांनी त्याला जाहीर हरकत घेतली. ती हरकत गांधीजींनी आपल्या ‘हरिजन’ साप्ताहिकात आपल्या उत्तरासह छापली. नैसर्गिक घटनेला नैतिक कारण चिकटवण्याची ही पद्धत गांधीजींपेक्षा त्यांच्या विरोधकांच्या मनोवृत्तीला अधिक शोभते आणि त्यांनी उलट गांधीजींनाच या कोपाबद्दल जबाबदार धरले असते तरी आश्चर्य वाटले नसते, हा टागोरांचा मुद्दा या भागात नीट मांडला आहे. माझ्या मते या वादात टागोरांचीच बाजू बळकट आहे. तरीही गांधीजींवर ढोंगाचा आरोप करता येत नाही, कारण ते पाप त्यांनी आपल्या समाजाचे, म्हणजे स्वतःसकट सर्वांचे मानले होते. ॲपमधल्या इतर प्रवचनांत बोलणारा स्वतः कधीच आरोपीच्या पिंजऱ्यात नसतो. तुकोबांनी दुष्काळात आणि दिवाळखोरीत देवाचा हात पाहिला तोही स्वतःच्या घरापुरता. शेजाऱ्याच्या रिकाम्या कणगीचा हिशेब त्यांनी मांडला नाही.

ऐकणाऱ्याला हे गोड का लागते, याचे उत्तर मानसशास्त्रात बरेच जुने आहे. मेल्विन लर्नर आणि कॅरोलिन सिमन्स यांनी 1966 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, विजेचे झटके सोसणाऱ्या (प्रत्यक्षात तसा अभिनय करणाऱ्या) व्यक्तीला आपण मदत करू शकत नाही आणि तिचा त्रास चालूच राहणार आहे असे वाटल्यावर, पाहणारे तिच्याविषयी अधिक वाईट मत बनवू लागले. जग न्यायाने चालते हा दिलासा टिकवण्यासाठी सोसणाऱ्यालाच त्या त्रासाला लायक ठरवणे सोपे पडते, आणि ही सेवा तोच दिलासा मासिक वर्गणीवर पुरवते.

आता सेवेचा स्वतःवरच्या संकटातला व्यवहार पाहू. मध्यंतरी सर्व्हर बंद पडून ॲप उघडेनासे झाले. परत सुरू झाल्यावर ‘तांत्रिक कारणांमुळे गैरसोय झाली, क्षमस्व’ एवढीच सूचना आली. परीक्षा नाही, शिक्षा नाही, कोणाचे तळतळाटही नाहीत. वापराच्या अटी तर आणखी प्रामाणिक आहेत. भूकंप, पूर, वादळ, आग या कोणाच्याही नियंत्रणाबाहेरच्या घटना असून त्यांमुळे सेवेत खंड पडल्यास कंपनी जबाबदार राहणार नाही, असे तिथे स्वच्छ लिहिले आहे. प्रवचनांच्या लेखकांनी हे कलम एकदा वाचावे, अशी माझी सूचना आहे.

केवळ ग्रंथवाचन ऐकायचे असेल, तर मोफत विभाग चांगला आहे आणि त्यासाठी मी पाचपैकी दोन तारे देतो. ज्यांच्या घरी नुकताच मृत्यू किंवा मोठा आजार झाला आहे त्यांनी प्रश्नोत्तरांच्या वाटेला जाऊ नये, आणि कोणी आपल्याविषयी तिथे प्रश्न विचारत असेल तर त्याला थांबवावे. वरील सर्व मुद्दे मी कंपनीला सविस्तर लिहिले होते. मार्गदर्शकांनी कळवले की मनात शंका उत्पन्न होणे हीसुद्धा परीक्षाच असते. उरलेल्या मुदतीची वर्गणी परत मागितली, तेव्हा मात्र अटींमधल्या कलमाचा क्रमांक तेवढा पाठवला.