बॅकअप डिस्कवर फाइल शोधायची तर: विंडोजचा सर्च की एव्हरीथिंग?

येळ्ळूरचे एक मामा थोरल्या मुलाची जुनी लग्नपत्रिका घेऊन दुकानात आले. "ही तूच केलीयास की बाळा. तीच काढ, नावं तेवढी बदल. धाकट्याचं ठरलंय." फाइल माझ्या तीन बॅकअप डिस्कपैकी एकीवर होती, पण कुठल्या ते आठवेना. पहिली जोडली, शोधलं, नाही. दुसरी जोडली, तीही नाही. मामा दोन तास स्टुलावर बसून होते आणि मला त्यांच्याकडे बघवेना. डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची मांडणी करायचं काम करणाऱ्या बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या कुणालाही हा प्रसंग नवा नसेल.

तेव्हा मी विंडोजचाच सर्च वापरायचो आणि तो वाईट नाही, हे आधी सांगतो. बाहेरच्या डिस्कवर तो रांगतो, कारण ती डिस्क मुळात इंडेक्समध्ये, म्हणजे शोधासाठी आधीच करून ठेवलेल्या यादीत, नसते. सर्चच्या क्लासिक मोडमध्ये डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप असल्याच जागा धरल्या जातात. इंडेक्सिंग ऑप्शन्समध्ये मॉडिफाय करून डिस्कवर टिक करा आणि पहिली रात्र मशीन चालू ठेवा. तरीही फाइलच्या आतला मजकूर सापडत नसेल, तर डिस्कच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन मजकूर इंडेक्स करायची परवानगी काढलेली नाही ना, ते बघा.

आतला मजकूर शोधणं ही त्याची खरी ताकद. तुम्ही शिक्षक असाल, वकिलांकडे टायपिंग करत असाल, सगळं काम युनिकोड मराठीत वर्डमध्ये असेल, तर मी तुम्हाला त्याच्यापासून तोडणार नाही. एव्हरीथिंग हे मुख्यतः फाइलींची नावं शोधणारं वेगळं सॉफ्टवेअर. त्याच्या १.४ आवृत्तीतही मजकुरात शोधता येतं, पण ते एकेक फाइल उघडून वाचतं. भरलेल्या हार्ड डिस्कवर तोवर चहा पिऊन होतो.

माझ्यापर्यंत मात्र ही ताकद पोचतच नाही. आमची जुनी कामं पेजमेकर आणि कोरलड्रॉमधली, अक्षरं युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांतली. डोळ्यांना 'चिरंजीव' दिसतं, पण फाइलमध्ये रोमन अक्षरं आणि चिन्हं भरलेली असतात. 'चिरंजीव' टाकून ती कधीच सापडणार नाही. उरतं ते फाइलचं नाव. त्यातही आमच्या गावाचीच गंमत: १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं, त्यामुळे फाइलींच्या नावांत इंग्रजी स्पेलिंग निदान तीन तऱ्हांची आहेत. एव्हरीथिंगमध्ये मधे उभी रेघ (|) देऊन तिन्ही एकदम शोधतो. शिवाय 'लग्नपत्रिका' असं जोडून लिहिलेलं नाव नुसतं 'पत्रिका' टाकलं तरी मिळतं. विंडोजचा सर्च शब्दाच्या सुरुवातीपासून जुळवतो. मधला शब्द हवा तर त्याच्या आधी तारा (*) लावायचं लक्षात ठेवावं लागतं.

पण हे सगळं चालवून घेतलं असतं. माझा निर्णय झाला तो मामांच्या त्या दोन तासांमुळे. डिस्क कपाटात असली की एक्सप्लोररमध्ये ती दिसतच नाही, मग शोधणार कुठे? बॅकअपवाल्याचा पहिला प्रश्न 'फाइल कुठल्या फोल्डरात' हा नसतो, 'कुठल्या डिस्कवर' हा असतो. एनटीएफएस ही विंडोजची डिस्कवर फाइली ठेवायची पद्धत, आणि अशा डिस्कवर सगळ्या फाइलींची नोंद मास्टर फाइल टेबलमध्ये असते. एव्हरीथिंग ती टेबल वाचून यादी बनवतं. त्याच्या ऑप्शन्समध्ये इंडेक्स, एनटीएफएस इथं जाऊन नव्या रिमूव्हेबल डिस्क आपोआप घ्यायला सांगा आणि ऑफलाइन झालेल्या काढून टाकायची टिक काढा. मग डिस्क काढून ठेवली तरी तिची यादी मशीनमध्ये राहते. आता नाव टाकलं की कुठली डिस्क ते कळतं आणि कपाटातून तेवढीच काढतो.

एक काळजी दोन्हीकडे घ्यावी लागते. तिन्ही डिस्क आलटून पालटून 'ई' या एकाच ड्राइव्ह-अक्षरावर येत असतील तर यादीचा उपयोग नाही, आणि विंडोजच्या इंडेक्सचाही गोंधळ होतो. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन प्रत्येकीला कायमचं वेगळं अक्षर द्या. माझ्या डिस्क एम, पी आणि आर आहेत. तीच अक्षरं स्टिकरवर लिहून वर चिकटवलीत.

अडचण एकीचीच राहिली. आर डिस्क फोटोग्राफर मित्राच्या मॅकवरही चालायला हवी, म्हणून एक्सफॅट या दुसऱ्या पद्धतीची आहे. एक्सफॅटमध्ये ती टेबलच नसते, आणि एनटीएफएस करायची तर फॉरमॅट मारावा लागेल. म्हणून तिची फाइल लिस्ट एव्हरीथिंगमध्येच बनवून जोडून ठेवलीय. नवीन काम चढवलं की लिस्ट हातानं पुन्हा बनवायची. दिवाळीनंतर, तुळशीचं लग्न होऊन पत्रिकांचा हंगाम लागायच्या आत, मी ते न चुकता करतो.