स्मेल की स्निफ? ‘वास घेतला’चे इंग्रजी करताना

मराठीतून इंग्रजीत अनुवाद करणाऱ्याला, किंवा इंग्रजीत लिहिताना मनातल्या मनात मराठीच बोलणाऱ्याला, ‘वास घेतला’ या दोन शब्दांपाशी कधी ना कधी थांबावे लागते. ‘स्मेल’ आणि ‘स्निफ’ ही दोन्ही क्रियापदे समोर असतात, कोशातले अर्थ एकमेकांना जवळजवळ झाकून टाकतात आणि निवड शेवटी आपल्यावरच येऊन पडते. मी ती काही वर्षांपूर्वी केली. माझा कल कोणीकडे आहे हे पुढे दिसेलच. पण ज्या एका त्रासामुळे तो कल ठरला, तो आधी सांगायला हवा.

एका कथेचा अनुवाद मी करत होतो. त्यात आजी पावसाळ्यानंतर लोणच्याची बरणी फडताळातून काढते, तोंडाला बांधलेला दादरा सोडते, खाली वाकते आणि वास घेते. लोणचे टिकले आहे की त्याला बुरशी धरली आहे, हे ती नाकाने ठरवते आणि घरातले सगळे तिच्या चेहऱ्याकडे पाहत उभे राहतात. कथेचा सगळा तोल त्या एका क्षणावर आहे. मी लिहिले की ती बरणीवर वाकली ‘अँड स्मेल्ड’. बरीच वर्षे इंग्लंडमध्ये राहिलेल्या एका मित्राने कच्चा खर्डा वाचला आणि अतिशय संकोचाने विचारले की, या ठिकाणी लेखकाला म्हातारीच्या अंगाला येणाऱ्या वासाबद्दल काही सुचवायचे आहे का. मी दोनदा वाचले, तेव्हा मलाही तसेच दिसू लागले. पुढे कर्म नसले की ‘शी स्मेल्ड’ याचा पहिला अर्थ ‘तिच्या अंगाला वास येत होता’ असाच होतो, आणि तो वासही चांगला नसतो. ज्या बाईच्या नाकावर सगळे घर विश्वास ठेवते, तिची माझ्या एका क्रियापदाने अशी अप्रतिष्ठा व्हावी, हे मला फार लागले.

दोष माझ्या घाईचा होताच, पण त्याचे मूळ त्या क्रियापदाच्या घडणीतही आहे. ओके व्हीबर्ग या स्वीडिश भाषाशास्त्रज्ञांनी १९८३ साली अनेक भाषांमधली इंद्रियांची क्रियापदे शेजारी ठेवून पाहिली. त्यांनी केलेले तीन भाग इथे फार उपयोगी पडतात: आपण होऊन केलेली क्रिया, आपोआप आलेला अनुभव आणि वस्तूने दिलेला प्रत्यय. डोळ्यांसाठी इंग्रजी ‘लुक’ आणि ‘सी’ असा भेद करते, कानांसाठी तर ‘लिसन’, ‘हिअर’ आणि ‘साउंड’ असे तीन वेगळे शब्द देते. नाकाच्या वाट्याला मात्र तिन्ही कामांसाठी एकटे ‘स्मेल’ येते. मराठीत आपण एकाच ‘वास’ शब्दाला निरनिराळी क्रियापदे आणि विभक्ती जोडून हे भेद सहज सांभाळतो. आजी वास घेते, आजीला वास येतो आणि लोणच्याचा वास येतो, यांत कोणाचीही गल्लत होत नाही. ‘घेणे’ आणि ‘येणे’ यांच्यामधले हे अंतर ‘स्मेल’मध्ये पुसले जाते, आणि अनुवादकाला ते दरवेळी संदर्भाने पुन्हा उभे करावे लागते.

यावर ‘स्मेल’च्या पुढे कर्म द्यावे, म्हणजे ‘स्मेल्ड द पिकल’ लिहावे, असे कोणी म्हणेल, आणि व्याकरणाच्या दृष्टीने ते अगदी बरोबर आहे. तरीही माझे समाधान झाले नाही, कारण तिने मुद्दाम वास घेतला की दादरा सोडताच तो तिच्यापर्यंत आला, हे त्या वाक्यातून कळत नाही. ‘स्निफ’ घातल्यावर ही शंकाच उरत नाही. ‘स्निफ’मध्ये कोणीतरी नाकाने श्वास आत ओढतोच, आणि तो ओढल्याचा आवाजही शब्दातच आहे. इंग्रजीत ‘स्न’ने सुरू होणारे कितीतरी शब्द नाकाभोवती फिरतात: जनावराचे मुस्कट म्हणजे ‘स्नाउट’, शिंकणे म्हणजे ‘स्नीझ’, घोरणे म्हणजे ‘स्नोअर’, फुरफुरणे म्हणजे ‘स्नॉर्ट’. आपल्या ‘सूं सूं’सारखाच ‘स्निफ’ हा ध्वनीवरून आलेला शब्द आहे. शिवाय त्यात पारख आहे. दूध नासले का, कपडा पुन्हा घालण्याजोगा आहे का, हे पाहताना माणूस जे करतो ते ‘स्निफ’, आणि आजी नेमके तेच करत होती.

‘स्निफ’ निर्धोक आहे असे मात्र मी म्हणणार नाही. त्याच्याही पुढे कर्म नसेल तर वाचकाला पात्र रडते आहे, त्याला सर्दी झाली आहे किंवा ते नाक मुरडते आहे, यांपैकी काहीही वाटू शकते. ‘ॲट’ जोडल्यावर तुच्छतेची छटा अधिक गडद होते. ‘नॉट टु बी स्निफ्ड ॲट’ म्हणजे कमी लेखण्याजोगे नाही, हा वाक्प्रचार त्यातूनच आला. आपल्या ‘हुंगणे’सारखी त्यात थोडी जनावराचीही आठवण आहे, आणि स्फोटके शोधणाऱ्या श्वानाला ‘स्निफर डॉग’ म्हणतात ते उगाच नव्हे. पण माझ्या अनुभवात हे धोके जवळ एखादी ठोस वस्तू ठेवली की बहुतेक टळतात. बरणी, फूल, पातेले असे काही वाक्यात असले की रडण्याचा अर्थ आपोआप गळून पडतो. ‘हुंगलेले फूल देवाला वाहू नये’ या वाक्यासाठी तर ‘स्निफ’इतका चपखल शब्द मला आजवर सापडलेला नाही.

अर्थात ‘येणे’ असेल तिथे ‘स्मेल’ला पर्याय नाही. ‘गॅसचा वास येतोय’ याचे इंग्रजी ‘आय कॅन स्मेल गॅस’ असेच व्हायला हवे. आपल्या कानाला ‘येतोय’मुळे ‘आय ॲम स्मेलिंग गॅस’ बरे वाटते, पण या अर्थाने ‘स्मेल’ चालू काळात सहसा येत नाही, आणि तिथे ‘स्निफिंग’ लिहिले तर माणूस नशा करतो आहे असे वाटेल. ‘दुधाला वास येतोय’ हे वाक्य तर ‘स्मेल’मध्ये अलगद बसते, कारण विशेषण न लावता वाईटाकडे झुकण्याची खोड ‘वास’ आणि ‘स्मेल’ या दोघांनाही सारखीच आहे. भूतकाळी ब्रिटिश वळणाचे ‘स्मेल्ट’ मी टाळतो. धातू वितळवण्याच्या क्रियेचे रूप तेच असल्याने वाचक क्षणभर अडखळतो.

नामांच्या बाबतीत माझे मत थोडक्यात सांगता येईल. ‘ओडर’ला नगरपालिकेच्या नोटिशीचा आणि प्रयोगशाळेचा सूर आहे. ‘अरोमा’ खाण्यापिण्याला शोभतो, ‘फ्रॅग्रन्स’ साबणाच्या वेष्टनावर. ‘सेंट’ सुंदर आहे, फुलाला आणि शिकारी कुत्र्याने काढलेल्या मागाला सारखाच चालतो, पण मराठी कानाला आधी बाटलीच आठवते. पहिल्या पावसातल्या मातीच्या वासासाठी इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड टॉमस या ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९६४ साली ‘पेट्रिकोर’ हा शब्द घडवला. निबंधात तो शोभतो, परंतु शेताच्या बांधावर उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडी मला तो घालवत नाही. तिथे मी साधे ‘स्मेल’ घेतो आणि कोरड्या मातीवर पडलेला पाऊस वाक्यात आणतो.

एक जागा मात्र अशी आहे जिथे माझी आवडही मला बाजूला ठेवावी लागते. न्हाऊ घातलेल्या तान्ह्या बाळाच्या टाळूचा आई वास घेते, तेव्हा ‘स्निफ’ लिहिले तर ती काहीतरी तपासते आहे असे वाटते आणि ‘स्मेल’ लिहिले तर ओळ कोरडी पडते. संस्कृत काव्यांत वडीलधारी माणसे मुलाचे मस्तक हुंगतात, तिथेही हीच अडचण येते. अशा ठिकाणी मी ‘ब्रीद इन’ लिहितो, म्हणजे तिने बाळाचा वास श्वासाबरोबर आत घेतला. त्यात नाक राहत नाही, पण माया राहते. आजीच्या बरणीवर मात्र ‘स्निफ्ड’ आहे, आणि ते मी बदललेले नाही.