जुना कोरियन विरह: ‘ब्लू रेन’ की ‘लाइज’?

आजचं के-पॉप, म्हणजे कोरियन पॉप संगीत, ऐकून झालं आणि आता पहिल्या पिढीची रडकी गाणी ऐकायची आहेत, तर सुरुवातीला दोन गाण्यांतून एक निवडा: फिनकल या चार मुलींच्या गटाचं १९९८चं ‘ब्लू रेन’ किंवा जी.ओ.डी. या पाच मुलांच्या गटाचं २०००चं ‘लाइज’, म्हणजे कोरियनमधलं ‘कॉजिन्माल’.

‘ब्लू रेन’ पहिल्या ऐकण्यातच आवडतं. संथ आर अँड बी (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या संगीतातून आलेली शैली), शब्द कळले नाहीत तरी अडत नाही. पदार्पणालाच असं उदास गाणं निवडणं धाडसाचंच म्हणायचं; मुलींच्या गटाचा ठरलेला गोडवा त्यांनी लगेच पुढे ‘टू माय बॉयफ्रेंड’मध्ये दिला.

खटकते ती ओळींची वाटणी. चौघींत खरा दमदार आवाज ओक जू-ह्यनचा. पुढे ती संगीतनाटकांतली मोठी गायिका झाली, ते उगाच नाही. पण तिचा सूर जरा तापला की ओळ दुसऱ्या, हलक्या आवाजाकडे जाते. का, तर प्रत्येकीला वाटा मिळायला हवा. दुःख मात्र एकाच बाईचं आहे. मला तरी दर वेळी तिथेच तुटल्यासारखं होतं, आणि एकदा लक्षात आलं की कान तेच शोधत बसतो.

‘लाइज’मध्ये गाणारे पाच, तरी हा त्रास नाही. पार्क जुन-ह्यंग, डॅनी आन आणि युन ग्ये-सांग मुख्यतः रॅप करतात, सोन हो-यंग आणि किम थे-ऊ गातात. तू नकोशी झालीस, दुसरी भेटली, हे प्रियकराचं खोटं रुक्ष बोलण्यात येतं. निरोपाचा हुंदका सुरात. ध्रुवपदात तो तिला ‘जा’ म्हणतो आणि मागून त्याचंच मन ‘जाऊ नकोस’ म्हणतं. शब्द आणि चाल दोन्ही गटाचा निर्माता पार्क जिन-यंगची, त्यामुळे जोड कुठे दिसत नाही.

अडचण एकच: अर्थ कळल्याशिवाय निम्मं गाणं हातचं जातं. भाषांतर घेताना मनातल्या ओळी कंसात वेगळ्या ठेवलेल्या आहेत ना, ते आधी बघा. त्या मुख्य ओळीला जोडल्या की मुलगा एका वाक्यात दोनदा मत बदलतोय असं वाटतं. पहिल्यांदा स्टुडिओतलं ध्वनिमुद्रणच ऐका, तेही इअरफोनवर. कार्यक्रमांच्या चित्रफितींत चाहत्यांच्या आरोळ्या इतक्या जोरात असतात की मागचा आवाज बुडतो. (त्या आरोळ्या नंतर जरूर ऐका, मजा आहे.)

काम करताना मागे काहीतरी उदास वाजत राहायला हवं असेल तर ‘ब्लू रेन’ बरं, त्यात वाद नाही. बसून ऐकणार असाल तर, मला वाटतं, ‘लाइज’. त्यापाठोपाठ जी.ओ.डी.चंच २००१चं ‘रोड’ लागलं तर ते विरहाचं समजू नका; ते आयुष्याच्या वाटेबद्दल आहे. विरहच हवा असेल तर फिनकलच्याच पहिल्या अल्बममधलं ‘रुबी’ घ्या.