बेडकाच्या हृदयाचं सॉफ्टवेअर: स्टॅनियस झकास, अर्धवट ब्लॉक मात्र नाहीच

आमच्या फिजिऑलॉजी विभागाने पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलसाठी बेडकाच्या हृदयाचं सिम्युलेशन घेतलंय. कंपनीचं नाव देत नाही, उणिवा त्यांना कळवल्या आहेत. पण असलं काही घेताना काय तपासावं, हे इतर विभागांना कळावं म्हणून लिहिते.

2014 मध्ये एमसीआयने (तेव्हाच्या भारतीय वैद्यक परिषदेने) प्राण्यांवरच्या प्रयोगांऐवजी संगणक वापरायला सांगितलं, आणि 2019 च्या अभ्यासक्रमात बेडकाच्या हृदयाचे प्रयोग संगणकाच्या मदतीने बघायचे असं सरळच आलं. ठोक्यांचा आलेख काढायचा काजळी धरलेला ड्रम गेला, बेडूक वाचले. बेडूक वाचले याचा मला मनापासून आनंद आहे. पण म्हणूनच पडद्यावरचं हृदय खऱ्यासारखं वागलं पाहिजे.

मी आधी गरम रिंगरची (बेडकाच्या हृदयावर वापरतात त्या क्षारांच्या द्रावणाची) परीक्षा घेतली. गरम थेंब नुसत्या व्हेंट्रिकलवर (खालच्या कप्प्यावर) सोडला तर ठोक्यांची गती बदलता कामा नये. सायनस व्हेनोससवर, म्हणजे जिथून ठोका सुरू होतो त्या भागावर, सोडला तर सगळं हृदय जोरात धावलं पाहिजे. इथे दोन्ही अगदी बरोबर होतं. गती कोण ठरवतं, हे मुलांना मी तोंडाने सांगायच्या आधीच दिसलं.

स्टॅनियसचे लिगेचर, म्हणजे हृदयाच्या भागांमधला संपर्क तोडायला दोऱ्याने बांधायच्या गाठी, तर सुंदर जमलेत. सायनस आणि एट्रियाच्या (वरच्या कप्प्यांच्या) मधली ती पांढरी चंद्रकोरीसारखी रेघ नीट काढलीय आणि दोरा बरोबर तिच्यावरच बसतो. गाठ बसली की सायनस धडधडत राहतो, खालचं सगळं थांबतं. मग सॉफ्टवेअर घाई करत नाही, हे मला फार आवडलं. मुलं पडद्याकडे बघत बसतात, आणि काही वेळाने एट्रिया-व्हेंट्रिकल आपल्या संथ लयीत परत सुरू होतात. दुसरी गाठ एट्रिया-व्हेंट्रिकलच्या खाचेत बांधली की आलेखातला एट्रियाचा छोटा उंचवटा आणि व्हेंट्रिकलचं उंच टोक यांची जोडी फुटते, दोघं आपापल्या वेगाने चालतात. पूर्ण हार्ट ब्लॉक (वरचा आवेग खाली अजिबात न पोचणं) याहून स्पष्ट दाखवणं अवघड आहे.

अडचण पुढे आहे. गाठ एक तर सुटलेली, नाही तर पक्की. मधलं काही नाहीच. गॅस्केल या ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञाने 1880 च्या दशकात एट्रिया आणि व्हेंट्रिकलच्या मध्ये पकड लावून ती थोडी थोडी आवळली होती. तसं केलं की आधी एट्रियानंतर व्हेंट्रिकलला उशीर होतो, मग दर दोन ठोक्यांतला एकच खाली पोचतो, आणि शेवटी एकही नाही. वॉर्डातल्या ईसीजीत मुलांना पुढे जे बघायचंय त्याचा पाया हाच. एका विद्यार्थिनीने विचारलं, "मॅडम, 2:1 ब्लॉक यात कुठे करायचा?" शेवटी फळ्यावर काढून दाखवला.

दुसरी गोष्ट मला जास्त खटकली. माहितीच्या पानावर बेडकाच्या हृदयात हिज बंडल आणि पर्किंजे तंतू (माणसाच्या हृदयात आवेग वाहून नेणारे खास तंतू) रंगवलेत! बेडकाच्या हृदयात अशी वेगळी वाहकव्यवस्था नसते. आवेग स्नायूतून स्नायूत जातो आणि एट्रिया-व्हेंट्रिकलच्या जोडावर मंदावतो, म्हणून तर तिथे दाब दिला की ब्लॉक होतो. माणसाचं चित्र बेडकाला चिकटवलं की नेमकं हेच कळायचं राहून जातं. मुलं वायव्हात (तोंडी परीक्षेत) तेच ठोकून देतात, आणि चूक त्यांची नसते.

व्हेगस (हृदय मंद करणारी नस) आणि ॲट्रोपिन (तिचा परिणाम रोखणारं औषध) यांचे भाग ठीक आहेत. लॅबमधल्या जुन्या संगणकांवर इंटरनेटशिवाय चालतं, ही मोठीच सोय.

पाचपैकी साडेतीन. घ्यायचं असेल तर डेमो जरूर मागा, आणि पकड हळूहळू आवळता येते का हे स्वतः करून बघितल्याशिवाय ऑर्डरवर सही करू नका.