मानकापूर की ॲरिझोना? सायकियाट्री नर्सच्या हातात किती असतं

मावसबहीण नागपुरात मानकापूरच्या मनोरुग्णालयात सायकियाट्रीची (मानसोपचाराची) नर्स, तिची मैत्रीण तिकडे अमेरिकेत ॲरिझोनात नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे पुढचं शिक्षण घेतलेली नर्स, आणि आता हिलाही जायचंय. तिकडे म्हणे डॉक्टरच्या सहीशिवाय स्वतः डायग्नोसिस करून गोळ्या लिहिता येतात, पण टेक्सासात गेलं की डॉक्टरसोबत करार लागतोच, म्हणजे अमेरिका अमेरिकेत पण फरक आहे बाप्पा!

इकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम १०६ सरळ सांगतं, आपल्या क्षेत्राबाहेरचं औषध सुचवायचं नाही. पेशंट रात्रभर झोपला नाही, हात थरथरून राहिलेत, हे सगळ्यात आधी हिलाच दिसते, पण लिथियमचा, म्हणजे मूड स्थिर ठेवायच्या औषधाचा, डोस बदलायला डॉक्टरचीच वाट पाहायची. लिथियम रक्तात जास्त झालं तर विषबाधा होते, तिथे मला इकडचंच बरं वाटते. बाकी रोजच्या फॉलोअपला मात्र तिकडचं.