रॉझवेलला जाताय? मग म्युझियममध्ये आधी वाचा, फोटो नंतर काढा

आधीच सांगते, अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यातलं रॉझवेल, ज्याच्याजवळ १९४७ मध्ये उडती तबकडी पडली असं म्हणतात, त्याबद्दल "तासाभरात बघून होतं, फोटो काढा आणि पुढे निघा" असं जे सगळे सांगतात ना ते अजिबात ऐकू नका. आम्ही पण तेच ऐकून गेलो होतो, दुपारी दोन तास थांबून संध्याकाळपर्यंत गुहांसाठी प्रसिद्ध असलेलं कार्ल्सबाड गाठायचं असा प्लॅन होता, आणि शेवटी दोन रात्री राहिलो. आम्ही म्हणजे मी आणि माझे बाबा. बाबा रिटायर्ड फिजिक्सचे सर, लहानपणापासून मासिकांमधून उडत्या तबकड्यांवरचे लेख वाचून वाढलेले, आणि अमेरिकेत आल्यावर त्यांनी मागितलेली ही एकच जागा. ग्रँड कॅन्यन नको, लास वेगास नको, रॉझवेल दाखव म्हणाले.

आम्ही सप्टेंबरमध्ये न्यू मेक्सिकोतल्याच आल्बुकर्की शहरातून गाडीने गेलो. साधारण २०० मैल, तीन तास धरा. क्लाइन्स कॉर्नर्सला हायवे सोडून २८५ नंबरचा रस्ता घ्यायचा आणि मग व्हॉन नावाचं छोटंसं गाव लागतं, तिथे पेट्रोल भरून घ्या, टाकी अर्धी असली तरी भरा, कारण त्यानंतर रॉझवेलपर्यंत जवळजवळ ९५ मैल म्हणजे दीडशे किलोमीटर खरंच काही नाही. पिवळं गवत, कुंपणाच्या तारा, क्वचित एखादी पवनचक्की, आणि आभाळ. फोनची रेंज पण मध्येमध्ये जाते त्यामुळे मॅप आधीच डाउनलोड करा. बाबा या पट्ट्यात एकदम गप्प झाले होते, मग म्हणाले, "अगं, इथे काही पडलं तर दिसायला आठवडा लागेल." आणि १९४७ मध्ये तसंच झालं होतं की.

गावात शिरल्यावर पहिल्या पाच मिनिटांत कळतं की इथे एलियनशिवाय पान हलत नाही. मेन स्ट्रीटवरच्या दिव्यांच्या गोल काचांवर मोठे तिरके काळे डोळे रंगवलेत, मॅकडॉनल्ड्सची अख्खी बिल्डिंग तबकडीच्या आकाराची आहे, डंकिन डोनट्सचा बोर्ड एका भल्या उंच हिरव्या एलियनने धरलाय. लहान मुलं बरोबर असतील तर ती खूश होणार. रात्री तो मॅकडॉनल्ड्स उजळतो तेव्हा नक्की बघा, मला खूप आवडला. पण हे सगळं रस्त्यावरून जातायेता दिसतंच, त्यासाठी वेगळा वेळ काढायची गरज नाही.

मुख्य गोष्ट म्हणजे इंटरनॅशनल यूएफओ म्युझियम अँड रिसर्च सेंटर, मेन स्ट्रीटवरच. इमारत पूर्वी सिनेमा थिएटर होती, दर्शनी भाग बघितला की लगेच लक्षात येतं. सकाळी ९ ते ५ उघडं असतं, तिकीट आम्ही गेलो तेव्हा माणशी दहा डॉलरच्या आत होतं. हे म्युझियम १९९१ मध्ये ज्यांनी सुरू केलं त्यातले दोघं या प्रकरणातलेच, हे मला माहीतच नव्हतं. वॉल्टर हॉट हा रॉझवेलच्या लष्करी तळाचा जनसंपर्क अधिकारी, "तबकडी सापडली" ही बातमी पेपरला देणारा माणूस तोच. आणि ग्लेन डेनिस हा गावात अंत्यविधीचं काम करायचा, त्याचं म्हणणं होतं की तळावरून त्याला फोन आला आणि लहान आकाराच्या शवपेट्या मिळतील का असं विचारलं. तळावर परग्रहवासीयांची प्रेतं बघितल्याचं सांगणाऱ्या एका नर्सचंही त्याने सांगितलं होतं पण त्या नर्सचा ठावठिकाणा कधीच कुणाला लागला नाही.

आत गेल्यावर बहुतेक लोक सरळ मागच्या बाजूला जातात, तिथे धूर सोडणारी फिरती तबकडी आणि चार एलियन उभे आहेत, शिवाय काचेआड स्ट्रेचरवर झोपवलेला एक एलियन आहे जो १९९४ च्या एका टीव्ही सिनेमासाठी बनवलेला पुतळा आहे. तिथे गर्दी होते. जाऊ दे ती गर्दी तिकडे. तुम्ही भिंतीपाशी थांबा. कारण या म्युझियमचा जीव भिंतींवरच्या कागदांमध्ये आहे, जुनी वर्तमानपत्रं, प्रतिज्ञापत्रं, पत्रं, नकाशे, फोटो, फ्रेम करून एकाला एक लागून लावलेत, आणि ते क्रमाने वाचत गेलं की एखादी केस उलगडत जावी तसं होतं.

थोडक्यात घडलं ते असं. जून १९४७ मध्ये मॅक ब्रेझेल नावाच्या रँचवरच्या फोरमनला माळावर विखुरलेला कचरा सापडला. ही जागा रॉझवेलमध्ये नाही बरं का, वायव्येला साधारण ७५ मैलांवर कोरोना नावाच्या गावाजवळ आहे, आणि खासगी रँचचा इलाका आहे त्यामुळे आपण उगाच शोधत जाऊ नये. तो जुलैच्या सुरुवातीला गावात आला, शेरीफ विलकॉक्सला सांगितलं, शेरीफने तळावर फोन केला, आणि तळाचा इंटेलिजन्स अधिकारी मेजर जेसी मार्सेल तो माल आणायला गेला. ८ जुलैला तळाने स्वतःच जाहीर केलं की तबकडी हाती लागली. त्याच संध्याकाळच्या रॉझवेल डेली रेकॉर्डच्या पहिल्या पानावर मोठ्ठी हेडलाइन. आणि दुसऱ्या दिवशी, ९ जुलैला त्याच पेपरात, तळाच्या वरचे लष्करी अधिकारी जनरल रेमी यांनी टेक्सासमधल्या फोर्ट वर्थहून सांगितलं की हा तर हवामानाचा फुगा.

ही दोन पानं नीट वाचा. आठची हेडलाइन सगळे बघतात, तिचे टी-शर्ट सुद्धा मिळतात, पण नऊ तारखेच्या पानावर ब्रेझेलची मुलाखत आहे आणि ती फार कुणी वाचत नाही. आम्ही दोघं तिथे पंधरा-वीस मिनिटं उभे होतो, बाबा चष्मा कपाळावर सरकवून अगदी काचेला नाक लावून, आणि मी त्यांना मराठीत सांगत होते. त्यात त्याने काय काय सापडलं ते सांगितलंय, रबराच्या पट्ट्या, चांदीसारखा कागद, चिवट जाड कागद, काड्या, चिकटपट्टी, आणि फुलं छापलेली टेप. सगळं मिळून वजन भरलं असेल पाच पौंड. बाबा म्हणाले, "पाच पौंड म्हणजे किती गं?" म्हटलं सव्वादोन किलो. त्यावर ते काही बोलले नाहीत, फक्त परत तो परिच्छेद दाखव म्हणाले. आणि गंमत बघा, त्याच मुलाखतीत शेवटी ब्रेझेल असंही म्हणतो की मला आधी दोनदा हवामानाचे फुगे सापडलेत आणि हे त्यातलं नव्हतं. एवढा त्रास झाला की यापुढे बॉम्ब सोडून काहीही सापडलं तरी मी कुणाला सांगणार नाही, हेही म्हणतो. त्या माणसाबद्दल मला इतकं वाईट वाटलं. मेंढ्यांमागे फिरणारा माणूस, चांगल्या मनाने सांगायला आला आणि दोन दिवसांत गाव, पेपर, लष्कर सगळे त्याच्यामागे.

आता एक मनापासून सांगते, जायच्या आधी प्रोजेक्ट मोगलबद्दल वाचून जा. अमेरिकन हवाई दलाने १९९४ मध्ये रिपोर्ट काढला की तो कचरा मोगल नावाच्या गुप्त प्रकल्पाचा होता. सोव्हिएत युनियनने अणुचाचणी केली तर तिचा आवाज वरच्या हवेत ऐकू यावा म्हणून वीस-पंचवीस फुग्यांची ६०० फुटांहून लांब माळ करून खाली मायक्रोफोन लटकवायचे, आणि रडारवर दिसावं म्हणून बाल्सा लाकडाच्या काड्यांवर चांदीचा कागद चिकटवलेले रिफ्लेक्टर. या फुग्यांची उड्डाणं अलामोगोर्डोहून व्हायची, ते रॉझवेलच्या पश्चिमेला. हे डोक्यात ठेवून भिंतीवरचे कागद वाचले ना की प्रत्येक ओळ वेगळी दिसायला लागते.

ती फुलांची टेपच घ्या. ब्रेझेलला फुलं दिसली. मेजर मार्सेलने तळावर जाण्याआधी घरी थांबून तो माल स्वयंपाकघरात जमिनीवर पसरून बायको-मुलाला दाखवला होता, आणि तो मुलगा मोठेपणी आयुष्यभर सांगत राहिला की छोट्या दांड्यांवर जांभळट रंगाची चिन्हं होती, कुठल्याच भाषेतली नसलेली. आणि मोगलवर काम केलेल्या माणसांनी सांगितलं की रिफ्लेक्टर मजबूत करायला वापरलेल्या टेपवर फुलापानांची नक्षी होती, न्यू यॉर्कमधल्या एका खेळणी बनवणाऱ्याकडून आलेली. म्हणजे टेप बहुधा एकच, आणि एकाला दिसली फुलं आणि एका पोराला अर्ध्या रात्री बापाने उठवून दाखवलेली परग्रहाची लिपी. मला हे वाचून अंगावर काटा आला. खोटं कुणीच बोलत नाहीये यात, असं मला अगदी ठाम वाटतं.

बाबांना हे पटलं नाही. त्यांचा मुद्दा असा की हा तळ म्हणजे ५०९ बॉम्ब ग्रुपचा, तेव्हा जगात अणुबॉम्ब टाकू शकणारी एकमेव तुकडी, हिरोशिमावर बॉम्ब टाकणारं विमान यांचंच, आणि तिथला इंटेलिजन्स अधिकारी काड्या आणि चांदीचा कागद ओळखू शकत नाही? मुद्दा बिनतोड आहे, मान्य. शिवाय १९९७ मध्ये हवाई दलाने दुसरा रिपोर्ट काढून सांगितलं की लोकांना आठवतात ती प्रेतं म्हणजे उंचावरून टाकलेले पुतळे होते, पण ते पुतळ्यांचे प्रयोग झाले १९५० च्या दशकात, मग १९४७ शी मेळ कसा घालायचा? यावर आमचा वाद जेवताना पण चालू होता.

जेवणाचं पटकन सांगते. न्यू मेक्सिकोत कुठेही बसा, "रेड ऑर ग्रीन?" विचारतात, म्हणजे मिरचीची लाल ग्रेव्ही हवी का हिरवी, दोन्ही हवी असेल तर "ख्रिसमस" म्हणायचं. हिरवी जास्त छान. शाकाहारी असाल तर बीन्समध्ये डुकराची चरबी आहे का आणि मिरचीच्या ग्रेव्हीत मांस आहे का हे दरवेळी स्पष्ट विचारा, बऱ्याच ठिकाणी असतं. शेवटी सोपापिया नावाचा टम्म फुगलेल्या पुरीसारखा प्रकार मधाबरोबर देतात, बाबांनी तीन खाल्ल्या.

खरेदी जरा जपून करा. मेन स्ट्रीटवर एलियनच्या वस्तूंची दुकानं पुष्कळ आहेत, एका दुकानातून भाच्यासाठी अंधारात चमकणारा टी-शर्ट घेतला, २५ डॉलर, आणि पहिल्याच धुण्यात चित्राचे पापुद्रे निघाले. फार वाईट वाटलं, पोरगं रडलं. कप, मॅग्नेट, पोस्टकार्ड घ्या, कपडे हाताने ताणून बघितल्याशिवाय घेऊ नका. आणि हॉटेल जुलैच्या पहिल्या आठवड्यात घेणार असाल तर खूप आधी बुक करा, तेव्हा यूएफओ फेस्टिव्हल असतो. गर्दी आणि ऊन दोन्ही नको असेल तर आमच्यासारखं सप्टेंबरअखेर जा. तेव्हाही हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात, पाणी आणि व्हॅसलीन बरोबर ठेवा.

गावात अजून एक गोष्ट आहे जी मला वाटतं जास्त लोकांना कळायला हवी. रॉबर्ट गोडार्ड, ज्याने १९२६ मध्ये मॅसॅच्युसेट्सला द्रव इंधनावरचं जगातलं पहिलं रॉकेट उडवलं, तो १९३० मध्ये रॉझवेलला राहायला आला आणि इथल्या माळावर कित्येक वर्षं रॉकेटं उडवत होता. म्हणजे तबकडीच्या आधी खरंखुरं आकाशयान याच गावातून वर गेलं होतं! त्याचं वर्कशॉप रॉझवेल म्युझियममध्ये मांडलेलं आहे, पण ऑक्टोबर २०२४ च्या पुरात तिथे पाणी शिरून खूप नुकसान झालं, त्यामुळे जाण्याआधी उघडं आहे का ते बघा. आम्हाला आतून बघता आलं नाही, बाबा बाहेरच बराच वेळ रेंगाळले, शाळेत गोडार्ड शिकवलेला माणूस तो.

जुना तळ गावाच्या दक्षिणेला आहे, १९६७ मध्ये लष्कराने बंद केला, आता साधा विमानतळ आहे आणि रिटायर झालेली मोठी प्रवासी विमानं ओळीने उभी असतात, कुंपणाबाहेरून दिसतात. दहा मिनिटं पुरे. संध्याकाळी मात्र बॉटमलेस लेक्सला जाच, गावाच्या पूर्वेला साधारण १४ मैल. न्यू मेक्सिकोतलं पहिलं स्टेट पार्क, १९३३ चं. लाल कड्यांच्या खाली हिरवीनिळी गोल तळी आहेत, गुराखी दोऱ्या बांधून सोडायचे आणि तळ लागायचा नाही म्हणून हे नाव पडलं म्हणतात, प्रत्यक्षात सगळ्यात खोल तळं ९० फुटांचं. पोहायला फक्त ली लेकमध्ये परवानगी आहे. वाळवंटात दिवसभर फिरून आल्यावर त्या थंडगार पाण्यात पाय सोडून बसलो, अंधार पडला, आणि चांदण्या इतक्या की बाबांना नेहमीची नक्षत्रं शोधायला वेळ लागला.

परत येताना गाडीत म्हणाले, "उद्या नऊला उघडतं ना ते? डाव्या भिंतीची शेवटची प्रतिज्ञापत्रं राहिलीत." मग काय, दुसऱ्या दिवशी परत तिकीट काढलं. ते वाचत होते तेवढा वेळ मी तिथल्या लायब्ररीत बसले, कपाटंच्या कपाटं भरून पुस्तकं आणि फाइली आहेत. निघताना जगाच्या नकाशावर टाचणी लावायची असते, काउंटरवरच्या आजींनी बाबांना टाचणी दिली, पण महाराष्ट्रावर इतक्या टाचण्या आधीच होत्या की जागा मिळेना, शेवटी त्यांनी ती अरबी समुद्रात किनाऱ्याला चिकटून लावली. कार्ल्सबाडला पोचायला दुपार झाली, रस्ता सरळ दक्षिणेला, गुहांपर्यंत १०० मैल धरा, पण गुहेत आत सोडायची वेळ लवकर संपते, तेव्हा सकाळी म्युझियम करणार असाल तर गुहा दुसऱ्या दिवसावर ठेवा.