आईच्या बोटातली गाठ काढली, हॅन्ड सर्जरी विभागाचा अनुभव (नाशिक)

आईच्या तर्जनीला तळव्याच्या बाजूने हरभऱ्याएवढी गाठ होती, दुखत नव्हती म्हणून कोणी मनावर घेतलं नाही, पण दोन वर्षांत सुपारीएवढी झाली आणि लाटणं धरताना मध्ये यायला लागली. आधी एका दवाखान्यात गँगलियन, म्हणजे पाण्याची गाठ, म्हणून सुई घातली, पाणी काही निघालं नाही, आठवडाभर ठणका मात्र लागला. साधा एक्स-रे पण काढला नव्हता, मला अजून राग येतो.

इथे सरांनी आधी एक्स-रेच काढायला लावला. गाठीत चुन्याचे बारीक ठिपके न् कड्या दिसल्या, हाड चांगलं. मग एमआरआय. म्हणाले, काकू, हा सॉफ्ट टिश्यू कॉन्ड्रोमा वाटतोय, म्हणजे कूर्चेचीच गाठ पण हाडाला न चिकटलेली, हातापायाच्या बोटांत जास्त होते, कॅन्सर नाही वाटत पण खात्री बायोप्सीनेच. पूर्ण काढली तरी 15 ते 20 टक्के लोकांत परत येऊ शकते हेही ऑपरेशनच्या आधीच सांगितलं, ते मला फार आवडलं.

फक्त हात बधिर करून ऑपरेशन झालं, पाऊण तास. बोटाची संवेदनेची नस गाठीवर ताणली गेलेली, ती भिंगातून बघत सोडवली आणि गाठ तुकडे न करता अख्खी काढली. संध्याकाळी घरी.

खरी परीक्षा रिपोर्टची. त्यात लिहिलेलं की पेशी वेड्यावाकड्या दिसतात, कॉन्ड्रोसार्कोमा, म्हणजे कूर्चेचा कॅन्सर, नाकारता येत नाही. त्या रात्री घरात कोणी जेवलं नाही. पण सर स्वतः एक्स-रे, एमआरआय घेऊन पॅथॉलॉजीवाल्या मॅडमकडे गेले, दोघांनी स्लाईड परत बघितल्या. या गाठीत पेशी अशा दिसू शकतात, म्हणून नुसत्या स्लाईडवर निकाल द्यायचा नाही, गाठ कुठे आहे, केवढी आहे, हाडाला लागलीय का हे सगळं जोडून बघायचं, असं मॅडमनी आईला समोर बसवून समजावलं. फायनल रिपोर्ट साधी गाठ. यासाठीच पाच स्टार.

एक स्टार कापतोय कारण डिस्चार्जला इन्शुरन्सच्या कागदांसाठी चार तास बसवलं, आणि बोट हलवायचे व्यायाम टाके काढल्यावर सांगितले, तोवर बोट आखडलं होतं. आधी सांगायला हवे होते.

आता सहा महिने झालेत, बोटाचं टोक थोडं बधिर आहे पण मूठ पूर्ण वळते. पुढची तपासणी दिवाळीनंतर.